इंग्रजांचे हस्तक की स्वातंत्र्याचे सैनिक? क्रीक आणि सेमिनोल लढ्याचा इतिहास

शोषितांनी डोके वर काढले की सत्ताधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "यांच्या मागे कोण आहे?" माणसाला गुलामीची चीड येते, जमीन हिरावली की तो पेटून उठतो, ही साधी गोष्ट सत्ताधाऱ्याला कधी पटत नाही. त्याच्या मते गुलामाला स्वतःची बुद्धी नसतेच. म्हणून तो उठला तर कोणीतरी त्याला चिथावले असणार. हा आरोप जगभर झाला आहे. त्यातले एक मोठे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरचे आहे.

१८१८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी स्पेनमधील आपल्या राजदूताला एक लांबलचक पत्र लिहिले. जनरल अँड्र्यू जॅक्सनने स्पेनच्या फ्लोरिडात घुसून गावे जाळली, माणसे फासावर लटकवली, त्याचे ते समर्थन होते. त्यातला मुख्य युक्तिवाद असा की क्रीक आणि सेमिनोल आदिवासी आणि त्यांच्याबरोबरचे पळून आलेले कृष्णवर्णीय गुलाम हे सगळे इंग्रजांच्या चिथावणीने लढत होते. दोष निकोल्स, आर्बथनॉट, अँब्रिस्टर या इंग्रज माणसांचा आणि दुबळ्या स्पेनचा. जॅक्सनने फक्त स्वसंरक्षण केले.

हा युक्तिवाद अमेरिकेत फार काळ चालला. तो खरा होता का, हे तपासायचे असेल तर तारखा पाहिल्या पाहिजेत. तारखा खोटे बोलत नाहीत.

कोण होते हे लोक?

क्रीक, म्हणजेच मस्कोगी, हे आजच्या अलाबामा आणि जॉर्जिया राज्यांत राहणाऱ्या अनेक गावांचे संघटन होते. कूसा आणि टॅलापूसा नद्यांच्या काठचे ते वरचे क्रीक आणि चॅटाहूची, फ्लिंट नद्यांच्या काठचे ते खालचे क्रीक. मका पिकवणारे, शिकार करणारे, स्वतःची पंचायत चालवणारे लोक. यांच्यातलेच काही गट अठराव्या शतकात दक्षिणेकडे फ्लोरिडात सरकले. त्यांना सेमिनोल हे नाव पडले. स्पॅनिश भाषेतल्या 'सिमारोन' शब्दावरून ते आले. अर्थ : जो मालकाच्या ताब्यातून निसटून रानात गेला तो.

तिसरा घटक होता गुलामीतून पळालेल्या कृष्णवर्णीयांचा. १६९३ मध्येच स्पेनच्या राजाने जाहीर केले होते की इंग्रजी वसाहतींमधून पळून फ्लोरिडात येऊन कॅथलिक धर्म स्वीकारणाऱ्या गुलामाला मुक्त मानले जाईल. १७३८ मध्ये सेंट ऑगस्टीनजवळ फोर्ट मोसे ही मुक्त कृष्णवर्णीयांची वसाहत उभी राहिली. इथे लक्षात घ्या, गुलामांना त्या वेळी पळायला लावणारी ओढ स्पेनच्या बाजूची होती आणि ज्यांच्या मळ्यांतून ते पळत होते ते मालक इंग्रजांची प्रजा होते! पुढे सेमिनोलांच्या शेजारी कृष्णवर्णीयांची स्वतंत्र गावे वसली. ते पिकाचा काही भाग सेमिनोल प्रमुखाला देत. पण शेत त्यांचे, घर त्यांचे, हातात बंदूक त्यांची. जॉर्जियाच्या मळेवाल्यांना खरी भीती या गावांची होती. सीमेपलीकडे काळा माणूस मोकळा जगतो, ही बातमीच मळ्यावरच्या गुलामाला पुरेशी होती.

युद्ध इंग्रजांच्या आधी पेटले

अमेरिकन सरकारचा प्रतिनिधी बेंजामिन हॉकिन्स क्रीकांना 'सुसंस्कृत' करण्याच्या कामाला लागला होता. शिकार सोडा, कुंपण घाला, खासगी मालमत्ता करा आणि उरलेली जमीन आम्हाला विका, असा त्या संस्काराचा सार होता. काही क्रीक मुख्य त्यात श्रीमंत झाले. त्यांनी कापूस लावला, कृष्णवर्णीय गुलामही विकत घेतले. बाकीच्यांच्या शिकारीच्या जमिनी आणि वाटा जात राहिल्या.

१८११ मध्ये शॉनी नेता टेकुम्से दक्षिणेत आला. सर्व आदिवासींनी एक व्हावे, एकाही टोळीने एकटीने जमीन विकू नये, असे तो सांगत होता. वरच्या क्रीकांतल्या मोठ्या गटाला हे पटले. ते 'रेड स्टिक्स', म्हणजे लाल काठीवाले, म्हणून ओळखले गेले. जोसाया फ्रान्सिस, पीटर मॅक्वीन, मेनावा हे त्यांचे नेते. आधी ही क्रीकांमधलीच यादवी होती. २७ जुलै १८१३ रोजी पेन्साकोलाहून स्पॅनिश गव्हर्नरने दिलेली दारू घेऊन परतणाऱ्या रेड स्टिक्सवर अमेरिकन मिलिशियाने बर्न्ट कॉर्न इथे हल्ला केला आणि युद्ध उघड झाले. ३० ऑगस्टला रेड स्टिक्सनी फोर्ट मिम्स घेतला आणि आतली सुमारे अडीचशे माणसे मारली. त्यांत बायका-मुलेही होती. हे लपवण्याचे कारण नाही. पण त्या एका घटनेचे भांडवल करून एका संपूर्ण राष्ट्राची जमीन लुटली गेली, हेही लपवता येणार नाही.

२७ मार्च १८१४ रोजी टॅलापूसा नदीच्या वळणावर, हॉर्सशू बेंड इथे, जॅक्सनच्या फौजेने रेड स्टिक्सना घेरले. जॅक्सनबरोबर शेकडो चेरोकी आणि काही खालचे क्रीकही होते. सुमारे हजार रेड स्टिक्सपैकी आठशेहून अधिक मारले गेले. जमिनीवर पडलेली प्रेते मोजताना चूक होऊ नये म्हणून सैनिकांनी मेलेल्यांच्या नाकांचे शेंडे कापले. आकडा आला ५५७. नदीत बुडालेले वेगळे. स्वतःला सुसंस्कृत म्हणवणाऱ्यांची ही मोजणी!

आता तारीख पाहा. ब्रिटिश जहाज 'ऑर्फियस' फ्लोरिडातल्या अपलाचिकोला नदीच्या मुखाशी पोचले ते मे १८१४ मध्ये. म्हणजे क्रीकांची सर्वात मोठी लढाई हरून दीड महिना झाल्यावर. ज्या युद्धाला इंग्रजांनी चिथावले असे सांगितले गेले, त्याचा निर्णायक रक्तपात इंग्रज बंदुका किनाऱ्यावर उतरण्याआधीच होऊन गेला होता.

बंदुका, जाहीरनामा आणि निकोल्स

इंग्रज का आले? १८१२ पासून त्यांचे अमेरिकेशी युद्ध चालू होते. दक्षिणेत अमेरिकन फौजा गुंतवून न्यू ऑर्लिन्स घ्यायचे, असा बेत होता. त्यासाठी आदिवासी आणि गुलाम उपयोगाचे होते. हेतू एवढाच.

कॅप्टन ह्यू पिगॉटने बंदुका आणि दारूगोळा उतरवला. जॉर्ज वुडबाइन हा रॉयल मरीन्सचा अधिकारी क्रीकांना कवायत शिकवायला मागे राहिला. त्याआधी २ एप्रिल १८१४ रोजी ॲडमिरल कॉक्रेनने बर्म्युडाहून एक जाहीरनामा काढला होता. अमेरिका सोडून येऊ इच्छिणाऱ्या कोणालाही कुटुंबासह ब्रिटिश जहाजांवर आणि ठाण्यांवर आसरा मिळेल. त्याने सैन्यात यावे किंवा ब्रिटिश वसाहतीत मुक्त रहिवासी म्हणून जमीन कसावी. या जाहीरनाम्यात 'गुलाम' हा शब्द कुठेच नव्हता. इंग्रजांच्या स्वतःच्या जमैका-बार्बाडोसमध्ये लाखो गुलाम राबत होते, मग तो शब्द लिहिणार कसा? पण ज्यांच्यासाठी होता त्यांना तो बरोबर कळला. हजारो कृष्णवर्णीय बायका-मुलांसह मळे सोडून निघाले. काहींनी लाल कोट चढवला. त्यांच्या पलटणीचे नाव 'कॉलोनियल मरीन्स'.

ऑगस्टमध्ये मेजर एडवर्ड निकोल्स आला. हा माणूस वेगळा होता. गुलामीचा त्याला मनापासून तिटकारा होता आणि आयुष्यभर तो त्या मताला चिकटून राहिला. पेन्साकोलात त्याने क्रीक, सेमिनोल आणि पळून आलेले गुलाम एकत्र केले. सप्टेंबरमध्ये फोर्ट बॉयरवरचा हल्ला फसला. नोव्हेंबरमध्ये जॅक्सनने पेन्साकोला घेतले. निकोल्स माघार घेऊन अपलाचिकोला नदीकाठच्या प्रॉस्पेक्ट ब्लफवर आला आणि तिथे त्याने किल्ला बांधला. ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांचा दणदणीत पराभव झाला आणि सगळा बेत कोसळला.

कागदावरचे नववे कलम

दरम्यान ९ ऑगस्ट १८१४ रोजी जॅक्सनने फोर्ट जॅक्सनचा तह लादला होता. सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. त्यातली बरीचशी जमीन जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीकांची होती! सह्या करणारेही बहुतेक तेच. मित्रांनो, मालकाच्या बाजूने लढल्याचे बक्षीस असे असते.

२४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट इथे ब्रिटन आणि अमेरिकेचा तह झाला. वाटाघाटीच्या सुरुवातीला इंग्रजांनी आदिवासींसाठी वेगळ्या राष्ट्राची मागणी केली होती. ती त्यांनी थोड्याच आठवड्यांत सोडून दिली. उरले ते नववे कलम : आदिवासींना १८११ मध्ये असलेले सर्व हक्क आणि जमिनी अमेरिकेने परत कराव्यात. या कलमाचा सरळ अर्थ घेतला तर फोर्ट जॅक्सनचा तह रद्द होत होता. निकोल्सने क्रीकांना तेच सांगितले. अमेरिकेचे म्हणणे असे की क्रीकांशी युद्ध तहाच्या आधीच संपले होते, म्हणून हे कलम त्यांना लागूच नाही. आणि ते लागू करून घेण्यासाठी ब्रिटनने एकही जहाज पाठवले नाही.

१८१५ मध्ये निकोल्स जोसाया फ्रान्सिसला घेऊन लंडनला गेला. क्रीकांशी त्याने केलेला मैत्रीचा करार बरोबर होता. फ्रान्सिसला लष्करी गणवेश आणि भेटवस्तू मिळाल्या. करार मात्र सरकारने मान्य केला नाही. साम्राज्याच्या राजधानीत शोषितांच्या प्रतिनिधीचा सत्कार झाला आणि त्याच्या मागणीला केराची टोपली दाखवली गेली.

इंग्रज गेले, किल्ला राहिला

इथून पुढचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. निकोल्स गेला तेव्हा प्रॉस्पेक्ट ब्लफचा किल्ला तोफा, बंदुका आणि शेकडो पिंपे दारूसह तिथल्या कृष्णवर्णीयांच्या आणि आदिवासी साथीदारांच्या हाती राहिला. गार्सों हा त्यांचा प्रमुख. नदीकाठी मैलोगणती शेते उभी राहिली. तिथे एकही इंग्रज अधिकारी नव्हता. हुकूम देणारा, कवायत घेणारा, शेत नांगरणारा, सगळे कालचे गुलाम. अमेरिकनांनी त्याला 'निग्रो फोर्ट' हे नाव दिले. त्या नावातच त्यांचे दुखणे कळते.

हा किल्ला स्पेनच्या हद्दीत होता. तरीही जुलै १८१६ मध्ये अमेरिकेने गनबोटी पाठवल्या. जमिनीवरून कर्नल क्लिंचचे सैनिक आणि विल्यम मॅकिन्टॉशचे खालचे क्रीक आले. शरण या म्हणून निरोप गेला. किल्ल्यातल्यांनी उत्तरादाखल ब्रिटनचा झेंडा आणि त्याच्या जोडीला लाल झेंडा फडकवला. ज्या देशाचा तो झेंडा होता तो देश केव्हाच निघून गेला होता. पण त्या झेंड्याखाली त्यांना मुक्त माणूस म्हणून वागवले गेले होते, आणि ते मुक्तपण सोडायला ते तयार नव्हते. २७ जुलैच्या सकाळी भट्टीत लालभडक तापवलेला एक तोफगोळा दारूकोठारात पडला आणि सगळा किल्ला उडाला. आत सुमारे ३२० माणसे होती, बहुतेक बायका-मुले. त्या वेळच्या अहवालानुसार २७० जागीच मेली. गार्सोंला पकडून ठार मारले. जे वाचले त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा मळ्यावर जुंपले.

१८१८ : आपल्याच माणसांना फाशी, तरी ब्रिटन गप्प

१८१७ च्या नोव्हेंबरमध्ये फाउलटाउनवर हल्ला करून अमेरिकेने पहिले सेमिनोल युद्ध सुरू केले. मार्च १८१८ मध्ये जॅक्सन फ्लोरिडात शिरला. लंडनहून परतलेला फ्रान्सिस सेंट मार्क्सजवळ एका जहाजावर ब्रिटनचा झेंडा पाहून मदत आली समजून चढला. जहाज अमेरिकन होते. झेंडा फसवणुकीसाठी लावला होता. खटला न चालवता त्याला फासावर चढवले. ज्या झेंड्यावर त्याने विश्वास ठेवला त्याच झेंड्याने त्याचा घात झाला.

मग सुवानी नदीकाठची गावे जाळली गेली. तिथले कृष्णवर्णीय योद्धे इतरांना नदी ओलांडता यावी म्हणून अखेरपर्यंत लढले. अलेक्झांडर आर्बथनॉट हा सत्तरीचा स्कॉटिश व्यापारी क्रीकांच्या वतीने अर्ज लिहीत असे, नवव्या कलमाची आठवण ब्रिटिश अधिकाऱ्यांना करून देत असे. त्याला त्याच्याच जहाजाच्या डोलकाठीवर फाशी दिली. रॉबर्ट अँब्रिस्टर या माजी मरीनला लष्करी न्यायालयाने फटके आणि एक वर्षाची कैद सुनावली होती. जॅक्सनने ती शिक्षा बदलून त्याला गोळ्या घातल्या. तारीख २९ एप्रिल १८१८.

दोन ब्रिटिश नागरिक परक्या हद्दीत मारले गेले. लंडनच्या वर्तमानपत्रांत संताप उसळला. परराष्ट्रमंत्री कासलरे यांनी अमेरिकन राजदूताला पुढे सांगितले की मंत्रिमंडळाने नुसते बोट उचलले असते तरी युद्ध झाले असते. पण बोट उचलले नाही. उलट त्याच वर्षी २० ऑक्टोबरला दोन्ही देशांनी सीमा आणि मासेमारीबद्दलचा करार केला. पुढच्या वर्षी स्पेनने फ्लोरिडा अमेरिकेला देऊन टाकला.

असे का झाले? मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. क्रीकांची बळकावलेली काळी जमीन, तिच्यावर आणून बसवलेले गुलाम आणि तिथला कापूस लिव्हरपूलला जाणारा, ही साखळी एकच होती. १८१९ मध्ये अलाबामा राज्य झाले. ज्यांना कालपर्यंत बंदुका दिल्या त्यांच्याच लुटलेल्या जमिनीवरच्या कापसाने ब्रिटिश गिरण्या चालल्या. भांडवलाला मैत्री कळत नाही.

इंग्रजांशिवायचा लढा

'चिथावणी'च्या सिद्धांताला शेवटचे उत्तर १८३५ ने दिले. तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॅक्सनने १८३० मध्ये आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा केला. सेमिनोलांनी नकार दिला. २८ डिसेंबर १८३५ रोजी मेजर डेडची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली गेली आणि सात वर्षांचे युद्ध सुरू झाले. या वेळी ना निकोल्स होता, ना वुडबाइन. मिकानोपीचा दुभाषी आणि सल्लागार अब्राहम हा कधीकाळचा गुलाम होता. जनरल जेसपने स्वतःच वरिष्ठांना कळवले की हे आदिवासींचे नसून निग्रोंचे युद्ध आहे. अमेरिकेचे सुमारे दीड हजार सैनिक मेले, बहुतेक रोगाने. ओसिओलाला पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करताना पकडावे लागले, तो लढाईत सापडला नाही.

जेसपने १८३८ मध्ये शरण येणाऱ्या कृष्णवर्णीयांना मुक्ततेचे वचन दिले. दहा वर्षांनी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने ते वचन कायद्याने निरर्थक ठरवले. तेव्हा जॉन हॉर्स आपल्या लोकांना घेऊन मेक्सिकोत गेला. तिथे गुलामी नव्हती.

घरातला प्रश्न

एक गोष्ट आपण टाळू नये. निग्रो फोर्टवर चालून गेलेला मॅकिन्टॉश स्वतः क्रीक होता आणि गुलामांचा मालक होता. दुसऱ्या शोषिताला पकडून दिले तर आपली जमीन वाचेल असे त्याला वाटले. १८२५ मध्ये त्याने इंडियन स्प्रिंग्जच्या तहावर सही करून जॉर्जियातली क्रीक जमीन विकली. त्याबद्दल क्रीक पंचायतीने त्याला मृत्युदंड दिला आणि हॉर्सशू बेंडमधून जखमी होऊन वाचलेल्या मेनावाने तो अमलात आणला. पण जमीन गेलीच. आणि हा प्रश्न तिथे संपला नाही. १८६६ च्या तहाने क्रीकांच्या मुक्त गुलामांना राष्ट्राचे पूर्ण नागरिक केले होते. १९७९ च्या क्रीक संविधानाने रक्ताची अट घालून त्यांच्या वंशजांना बाहेर काढले. २०२५ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने वंशजांच्या बाजूने निकाल दिला. शोषितांमध्येही उतरंड असते आणि ती मोडल्याशिवाय एकजूट टिकत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपण यातून काय घ्यायचे?

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत कृष्णवर्णीयांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यतेची तुलना केली, १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. हा इतिहास आपल्याला परका नाही. आणि १८१८ म्हटले की आपल्याला भीमा कोरेगाव आठवते. तिथल्या महार सैनिकांनाही आज 'इंग्रजांचे हस्तक' म्हणणारे आहेत. त्यांना विचारायचा प्रश्न सोपा आहे : गळ्यात मडके बांधून फिरायला लावणाऱ्या सत्तेसाठी त्यांनी का मरायचे होते?

पण दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट बोलली पाहिजे. इंग्रज आपले उद्धारक नव्हते. त्यांनी १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद केली. १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी त्यांच्याच राजधानीत त्यांना सुनावले की तुमच्या राज्यात अस्पृश्यांचे मूळ दुःख होते तसेच राहिले. १९४६ मध्ये कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या मागण्या डावलल्या, तेव्हा बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. जोसाया फ्रान्सिसला त्याच शहरात १८१५ मध्ये जे अनुभवास आले तेच हे. फरक एवढाच की बाबासाहेबांनी सगळी आशा लंडनवर ठेवली नव्हती. संघटना, शिक्षण आणि कायदा ही आपली हत्यारे त्यांनी आधीच घडवली होती.

म्हणून कोणी विचारले की शोषितांनी बाहेरची मदत घ्यावी का, तर उत्तर आहे, जरूर घ्यावी. बुडणाऱ्याने दोरी फेकणाऱ्याची जात विचारू नये. मात्र दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे आणि त्याला ती केव्हा सोडायची आहे, याचा विचार पहिल्या दिवसापासून करावा. प्रॉस्पेक्ट ब्लफच्या लोकांनी इंग्रजांची बंदूक घेतली, इंग्रज गेल्यावर तिच्या बळावर स्वतःची शेती केली आणि वर्षभर कोणाचेही गुलाम न होता जगले. त्या एका वर्षासाठी ते मेले. त्यांना हस्तक म्हणणारे लोक आजही गुलामाला बुद्धी नसते असेच मानतात.

जय भीम!